वैद्यांसाठी लिनक्स : कोणती आवृत्ती आणि कोणती साधने?

विंडोज १० या संगणकप्रणालीचा नियमित सुरक्षा-आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. ही वार्ता त्या वेळी वृत्तपत्रांतून आली व गेली. आपल्या वैद्यवर्गापैकी फारच थोड्यांनी ती स्वतःशी संबंधित मानली असावी. वस्तुतः ज्यांच्या चिकित्सालयात २०१७ पूर्वी घेतलेला संगणक आहे, अशा बहुतेक सर्वांशी तिचा प्रत्यक्ष संबंध आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाविषयक सोय आणि इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा अथवा तत्सम प्रोसेसर आवश्यक ठरविण्यात आला आहे. त्यामुळे उत्तम स्थितीत चालणारा संगणकही केवळ वयोमानामुळे अपात्र ठरतो. घरगुती ग्राहकांना देऊ केलेला वाढीव सुरक्षा-आधारही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचाच आहे.

आधार संपला म्हणजे संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीप्रमाणेच चालतो, आणि म्हणूनच धोका जाणवत नाही. प्रणालीत नव्याने आढळणारे दोष यापुढे दुरुस्त होत नाहीत. इंटरनेटला जोडलेला असा संगणक कुलूप बिघडलेल्या कपाटासारखा होतो. ‘जुनाच संगणक आहे, गेला तर गेला’ असे कोणी म्हणेल. परंतु त्या कपाटात काय आहे याचा विचार करावा. दहा-पंधरा वर्षांचे केसपेपर, नाडी-जिव्हा-कोष्ठाच्या नोंदी, कोणत्या रुग्णाला कोणता कल्प कोणत्या अनुपानाने लागू पडला याची टिपणे, क्वचित रुग्णांची छायाचित्रे. यंत्र बाजारात पुन्हा मिळते, ही सामग्री मिळत नाही.

प्रस्तुत लेखात लिनक्स ही पर्यायी प्रणाली, तिच्या अलीकडील आवृत्त्या व वैद्याच्या नित्य व्यवहारात उपयोगी पडणारी काही साधने यांचा परिचय करून देण्याचा विचार आहे. सर्व साधनांची यादी देण्याचा हेतू नाही. जी साधने चिकित्सालयात व ग्रंथवाचनात उपयोगी पडतात तेवढीच येथे घेतली आहेत.

लिनक्स म्हणजे काय?

फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये संगणकप्रणालीचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. तत्पूर्वी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती. या दोन प्रवाहांच्या संयोगातून आजची प्रणाली सिद्ध झाली. तिची मूळ संहिता कोणीही वाचू शकतो, तिच्यात सुधारणा करू शकतो व ती इतरांना देऊ शकतो. मात्र देताना पुढच्यालाही तोच अधिकार द्यावा लागतो, अशी तिच्या परवान्याची अट आहे. ती फुकट मिळते हा दुय्यम लाभ होय. मुख्य लाभ असा की, एखाद्या कंपनीने आधार काढून घेतला तरी ही प्रणाली पोरकी होत नाही.

गाभा एकच असला तरी तो निरनिराळ्या संस्था व मंडळी आपापल्या पद्धतीने सिद्ध करून देतात. त्यास वितरण म्हणतात. मूळ द्रव्य तेच, परंतु कोणी त्याचा क्वाथ देतो, कोणी वटी, कोणी अवलेह. तसेच काहीसे हे आहे. डेबियन (१९९३), उबुंटू (२००४), लिनक्स मिंट (२००६), फेडोरा ही त्यांपैकी प्रमुख नावे. आपल्याकडे सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ नावाचे वितरण भारतीय भाषांसह सादर केले, आणि केरळ राज्यातील शाळांतून तर मुले अनेक वर्षांपासून लिनक्सवरच शिकत आहेत. तेव्हा ही केवळ तज्ज्ञांची प्रणाली आहे, हा समज आता टिकणारा नाही.

नवी आवृत्ती की स्थिर आवृत्ती?

नवागताचा गोंधळ येथेच होतो. दर काही आठवड्यांनी कोठल्यातरी वितरणाची नवी आवृत्ती निघते व तिची स्तुती वाचावयास मिळते. चिकित्सालयातील संगणकासाठी मात्र नावीन्य हा निकष नव्हे. आवृत्तीला किती वर्षे सुरक्षा-आधार मिळणार, हाच पहिला प्रश्न विचारावा.

उबुंटूच्या आवृत्तीचा क्रमांक म्हणजे वर्ष व महिना होय. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणारी आवृत्ती दीर्घकालीन आधाराची असते व तिला पाच वर्षे नियमित दुरुस्त्या मिळतात, म्हणजे २४.०४ ची मुदत २०२९ पर्यंत आहे. मधल्या आवृत्त्या, उदाहरणार्थ ऑक्टोबर २०२५ मधील २५.१०, केवळ नऊ महिन्यांसाठी असतात. फेडोराची प्रत्येक आवृत्ती सुमारे तेरा महिने टिकते. ही अल्पायुषी वितरणे निकृष्ट नाहीत. किंबहुना नवी तंत्रे प्रथम तेथेच येतात. परंतु रुग्ण समोर बसलेला असताना संगणकाच्या सुधारणेची वाट पाहणे कोणाही वैद्यास परवडणारे नाही.

माझ्या मते विंडोजची सवय असलेल्या वैद्याने लिनक्स मिंटपासून प्रारंभ करावा. त्याची रचना परिचित वाटते : खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. मिंटची २२ ही मालिका जुलै २०२४ मध्ये आली. ती उबुंटू २४.०४ वर आधारलेली असून तिलाही २०२९ पर्यंत आधार आहे. याच मालिकेत जानेवारी २०२५ मध्ये २२.१ व सप्टेंबर २०२५ मध्ये २२.२ या उपआवृत्त्या निघाल्या. २२.२ मध्ये बोटाच्या ठशाने प्रवेश करण्याचे ‘फिंगविट’ हे साधन आले. मालिकेतील एका उपआवृत्तीतून पुढच्या उपआवृत्तीत जाणे ही नेहमीच्या सुधारणेइतकीच सोपी क्रिया असते. मिंटच्या आवृत्त्यांना स्त्रीनामे देण्याची प्रथा आहे. २२ म्हणजे विल्मा, २२.१ म्हणजे शिया, २२.२ म्हणजे झारा. चिकित्सेशी याचा काही संबंध नाही, परंतु मार्गदर्शक पुस्तिकांतून ही नावे भेटतात म्हणून सांगितली.

मिंटसाठी किमान २ जीबी स्मृती लागते व ४ जीबी असल्यास काम सुखाने चालते. त्याचे सिनॅमन हे रूप सर्वांत संपन्न आहे. संगणक फारच दुर्बल असेल तर एक्सएफसीई हे हलके रूप घ्यावे. ज्याला याहूनही स्थिर व निरलंकार प्रणाली हवी त्याने ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ चा विचार करावा. मात्र ३२ बिटच्या जुनाट प्रोसेसरला आता डेबियनचीही नवी स्थापना उपलब्ध नाही. असा संगणक असेल तर त्यावर श्रम न घालविणे बरे.

स्थापनेपूर्वी परीक्षा

रोग्याची परीक्षा न करता औषध देऊ नये हे आपणांस सांगावयास नको. लिनक्समध्ये या परीक्षेची उत्तम सोय आहे. मिंटची प्रतिमा-धारिका यूएसबी पेनड्राइव्हवर उतरवून संगणक त्यावरून सुरू केला, तर मूळ डिस्कला स्पर्शही न करता संपूर्ण प्रणाली चालवून पाहता येते. या अवस्थेत वाय-फाय, ध्वनी, प्रिंटर, स्कॅनर व पडद्याचा प्रकाश या पाच गोष्टी तपासाव्यात. त्या चालल्या तर स्थापनेनंतरही बहुधा चालतात. प्रिंटर विशेष काळजीपूर्वक पाहावा. अलीकडचे बहुतेक जाळेयोग्य प्रिंटर कोणत्याही वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखले जातात. याउलट आपल्याकडे अद्याप पुष्कळ ठिकाणी दिसणारे, ‘कॅप्ट’ पद्धतीचे जुने लेझर प्रिंटर पुष्कळ त्रास देतात.

स्थापना करण्यापूर्वी सर्व धारिकांची प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. विंडोजच्या डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची पुनःप्राप्ती-किल्ली कागदावर लिहून ठेवावी. शक्य असल्यास जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवावी. जुन्या यंत्राला एवढ्या एका उपायाने जो लाभ होतो तो इतर कशानेही होत नाही.

मराठी लेखनाचा प्रश्न

आता मुख्य विषयाकडे येऊ. आपल्यापैकी अनेकांची टिपणे, व्याख्याने व शोधनिबंध जुन्या मराठी फाँटांत साठविलेले आहेत. त्या पद्धतीत पडद्यावर ‘वात’ दिसत असले तरी संगणकाच्या दृष्टीने ती काही रोमन अक्षरे व चिन्हे असतात. फाँट त्यांना देवनागरीचे रूप देतो इतकेच. फाँट काढला की लेख निरर्थक होतो. अशा धारिकांमध्ये ‘आमवात’ हा शब्द शोधला तर सापडत नाही, आणि दुसऱ्याच्या संगणकावर ती उघडतही नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायम क्रमांक असतो. त्यामुळे लेख कोणत्याही प्रणालीत मराठीच राहतो. लिनक्सवर सर्व व्यवहार युनिकोडमध्येच होतो, आणि रुग्णनोंदींच्या दीर्घायुष्याच्या दृष्टीने हे मला प्रणालीच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचे वाटते.

जुन्या धारिका युनिकोडमध्ये आणण्यासाठी परिवर्तक उपलब्ध आहेत, परंतु त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फाँटांत ‘पित्त’ या शब्दाची विलांटी ‘प’च्या आधी साठविलेली असते, युनिकोडमध्ये ती ‘प’च्या नंतर येते. ‘अर्श’ व ‘मर्म’ यांतील रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर असतो, युनिकोडमध्ये आधी. हा क्रम उलटविताना परिवर्तक जोडाक्षरांत हमखास चुकतात. म्हणून प्रथम एखादे पान परिवर्तित करून पाहावे, चुकांचा प्रकार ध्यानात घ्यावा व मगच संपूर्ण संग्रह हाती घ्यावा.

टंकलेखनासाठी मिंटच्या कीबोर्ड-मांडणीत ‘मराठी, कागपा’ ही उच्चारानुसारी मांडणी मिळते. इंग्रजी कळफलकाची सवय असलेल्यांना ती लवकर साधते. दीर्घकाळ लिहिणाऱ्याने मात्र इनस्क्रिप्ट शिकावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेली ही मांडणी सर्व प्रणालींवर सारखीच असते. तिच्यात डाव्या हाताला स्वर व मात्रा आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजने असल्याने दोन्ही हात आलटून पालटून चालतात. ‘दोषांचा ऱ्हास’ लिहिताना अनेकजण अडखळतात. इनस्क्रिप्टमध्ये ‘र’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ऱ’ मिळतो, त्यापुढे हलन्त व ‘ह’ दिला की शब्द सिद्ध होतो. शिफ्टसह ‘ल’ म्हणजे ‘ळ’. दोन-तीन आठवडे रोज अर्धा तास दिला तर बोटे आपोआप वळू लागतात.

फाँटांविषयी थोडेसे. संस्कृत उद्धरणे व मराठी विवेचन एकत्र असणाऱ्या लेखनासाठी आयआयटी मुंबईने विनामूल्य दिलेला ‘शोभिका’ हा फाँट अत्यंत उपयुक्त आहे. त्यात दुर्मीळ जोडाक्षरेही नीट उमटतात. सामान्य पत्रव्यवहारासाठी ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ पुरेसे होतात.

लेखनासाठी लिबरऑफिस मिंटसोबतच येते. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळा झालेला हा प्रकल्प आता वर्षातून दोनदा, सामान्यतः फेब्रुवारी व ऑगस्टमध्ये, नवी आवृत्ती देतो आणि २०२४ पासून तिचाही क्रमांक वर्ष-महिन्यानुसार असतो. येथे एक सूचना. लिबरऑफिस भारतीय लिप्यांसाठी फाँट व आकार यांचा हिशेब इंग्रजीपासून वेगळा ठेवते. इंग्रजीचा आकार पालटला पण मराठीचा पालटला नाही, अशी तक्रार त्यामुळेच उद्भवते. पर्यायांच्या खिडकीत भाषाविभागात जाऊन भारतीय लिपीसाठी मराठी भाषा निश्चित करावी, म्हणजे काही फाँटांमध्ये ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणेही आपोआप मिळतात. शब्दपरीक्षक आपल्या संज्ञांना तांबडी रेघ मारत राहील. ‘अग्निमांद्य’, ‘विष्टंभ’, ‘स्रोतोरोध’ असे शब्द भेटतील तसे त्याच्या व्यक्तिगत कोशात घालावेत.

ग्रंथवाचनाची साधने

वैद्याला लिनक्सवर सर्वाधिक आनंद देणारे साधन कोणते असे विचारल्यास मी ‘गोल्डनडिक्ट’चे नाव घेईन. हा स्वतः कोश नसून कोशांचे कपाट आहे. पुण्याच्या वामन शिवराम आपटे यांचा १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोश, मोनिअर विल्यम्स यांचा १८९९ चा कोश, शब्दकल्पद्रुम, वाचस्पत्यम् यांच्या संगणकीय धारिका विनामूल्य मिळतात. त्या एकदा या कपाटात ठेवल्या की इंटरनेट नसतानाही एक शब्द लिहिताच सर्व कोशांतील अर्थ एकाखाली एक दिसतात. ‘अमृता’ शोधावे; गुडूची, हरीतकी, आमलकी असे अनेक अर्थ पुढे येतात. त्यांपैकी प्रस्तुत योगात कोणता घ्यावा हे प्रकरणावरून वैद्यानेच ठरवावयाचे आहे. कोश तेथे मुका असतो. याची ‘एनजी’ ही जोमाने विकसित होणारी शाखा घ्यावी. वाचत असताना शब्द निवडला की लगेच अर्थाची चौकट उघडावी, ही सोय एक्स ११ या जुन्या दृश्यपद्धतीत नीट चालते व वेलँड या नव्या पद्धतीत अडते. मिंटचे सिनॅमन एक्स ११ वर चालत असल्याने तेथे अडचण येत नाही. नव्या उबुंटूमध्ये येऊ शकते.

दुसरे साधन म्हणजे मुद्रित पानांतून अक्षरे ओळखणारे ‘टेसरॅक्ट’. हे ह्युलेट-पॅकर्ड कंपनीत १९८५ च्या सुमारास सुरू झाले, २००५ मध्ये मुक्त करण्यात आले आणि २०१८ मधील चौथ्या आवृत्तीपासून त्याची अक्षर ओळखण्याची शक्ती पुष्कळ वाढली. मराठी, हिंदी व संस्कृत या तिन्ही भाषांची सामग्री त्याला जोडता येते. ‘जीइमेजरीडर’ या साधनाद्वारे ते खिडकीतून वापरता येते. आज्ञा टंकित करण्याचे कारण नाही.

अनेकांच्या संग्रही निर्णयसागर मुद्रणालयाची जुनी संस्करणे आहेत. अरुणदत्ताची सर्वाङ्गसुन्दरा व देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याचे आयुर्वेदरसायन अशा दोन टीकांसह १९३९ मध्ये निघालेले अष्टाङ्गहृदय हे त्यांतील एक. अशा ग्रंथांचा कागद आता हाताळताना तुटतो. पाने ३०० डीपीआयने स्कॅन करावीत. ‘स्कॅनटेलर’ या साधनाने दोन पाने वेगळी करून वाकडी ओळ सरळ करावी, कडेचा काळा डाग काढावा आणि मगच टेसरॅक्टकडे द्यावीत. पान अस्वच्छ दिले तर अक्षरेही तशीच येतात. संस्कृत व मराठी दोन्ही भाषा एकदम निवडता येतात. मुद्रण स्पष्ट असेल तर परिणाम समाधानकारक असतो; टीकेचा बारीक टाइप मात्र त्याला जड जातो.

येथे सावधगिरीचा इशारा देणे मी कर्तव्य समजतो. देवनागरीतील ध-घ, भ-म, थ-य, प-ष या जोड्या यंत्राला सारख्या वाटू शकतात. अंकांत १ व ९, तसेच ५ व ६ यांची गल्लत संभवते. कथाग्रंथात हे मुद्रणदोष ठरतील. औषधियोगात ते प्रमाणदोष ठरतात. ‘पल’च्या जागी ‘फल’ झाले, एक माषाचे नऊ माष झाले, तर काय अनर्थ होईल ते सांगावयास नको. रसौषधी व विषद्रव्ये यांचे पाठ यंत्राने उतरविले असता मूळ ग्रंथ समोर ठेवून दुसऱ्या व्यक्तीकडून शब्दशः ताडून घ्यावेत. ताडलेल्या व न ताडलेल्या पाठांसाठी वेगवेगळे फोल्डर ठेवावेत, म्हणजे घाईच्या वेळी संशय राहणार नाही.

संहितांच्या संशोधित पाठासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भारतीय आयुर्विज्ञान संपदा संस्थेने सिद्ध केलेली चरक, सुश्रुत आदींची ई-संस्करणे आहेतच. ती कोणत्याही ब्राउझरमध्ये वाचता येतात.

रुग्णनोंदी, त्यांचे रक्षण व प्रती

मोठ्या रुग्णालयांसाठी ग्नू हेल्थ, ओपनएमआरएस यांसारख्या मुक्त प्रणाली आहेत. एका वैद्याच्या चिकित्सालयाला मात्र त्यांचा भार पेलत नाही, आणि त्यांची रचनाही आपल्या परीक्षापद्धतीला अनुसरून नाही. लिबरऑफिस कॅल्कमध्ये केलेली साधी नोंदवही पुरते. दिनांक, नाव, वय, प्रकृती, प्रधान वेदना, नाडी, जिव्हा, कोष्ठ, निदान, कल्प, मात्रा, अनुपान, उपशय असे रकाने करावेत. प्रत्येक भेटीला स्वतंत्र ओळ द्यावी. एका चौकटीत तीन औषधे कोंबू नयेत, अन्यथा पुढे छाननी करता येत नाही. ही नोंदवही ओडीएस या मूळ स्वरूपात ठेवावी. हे स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. वीस वर्षांनी चिकित्सालय चालविणाऱ्या मुलाला अथवा शिष्येला ती वही उघडता यावी, एवढाच यातील हेतू.

रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे हा वैद्याचा धर्म आहेच. आता ते कायद्याचेही बंधन झाले आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बंधने टप्प्याटप्प्याने लागू होतील अशी योजना नियमांतच आहे. मिंट स्थापताना संपूर्ण डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्याय विचारला जातो, तो अवश्य स्वीकारावा. मग संगणक चोरीला गेला तरी परवलीच्या शब्दाशिवाय नोंदी वाचता येत नाहीत. तो शब्द विसरल्यास मात्र कोणीही मदत करू शकत नाही, म्हणून तो बंद पाकिटात घरी ठेवावा.

प्रती घेण्याच्या बाबतीत एक गैरसमज फार आढळतो. मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ नावाचे साधन असते. ते नियमितपणे प्रणालीची स्थिती जपून ठेवते व एखादी सुधारणा बाधली तर पूर्वस्थिती आणून देते. साधन उत्तम आहे. परंतु ते मुळात प्रणालीसाठी आहे. आपल्या व्यक्तिगत धारिका, म्हणजे नेमक्या रुग्णनोंदी, त्याच्या नेहमीच्या मांडणीत समाविष्ट नसतात. त्यांच्यासाठी ‘देजा डूप’ किंवा ‘पिका बॅकअप’ हे वेगळे साधन लावावे. दोन्हींत प्रत कूटबद्ध करण्याची सोय आहे. बाह्य डिस्क दोन असाव्यात. एक चिकित्सालयात, दुसरी घरी. तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीतून एखादी धारिका प्रत्यक्ष परत काढून पाहावी.

इतर काही

वनौषधींची छायाचित्रे सांभाळण्यास ‘डिजिकॅम’ घ्यावे. सह्याद्रीतील एका भ्रमंतीत दोन-तीनशे छायाचित्रे सहज होतात व वर्षभराने कोणते झाड कोठले ते आठवत नाही. डिजिकॅममध्ये प्रत्येक चित्राला संस्कृत, मराठी व वनस्पतिशास्त्रीय नाव, स्थळ व ऋतू अशा खुणा जोडता येतात, आणि तशी मांडणी ठेवल्यास त्या खुणा चित्राच्या धारिकेतच लिहिल्या जातात. संदिग्ध द्रव्यांच्या अभ्यासात याचा फार उपयोग होतो. ‘शंखपुष्पी’ ही एक खूण ठेवून तिच्याखाली कॉन्व्होल्व्ह्युलस, इव्हॉल्व्ह्युलस व क्लिटोरिया या तिन्ही वनस्पती एकत्र पाहिल्या की वाद नेमका कशाचा आहे ते विद्यार्थ्यांना चटकन कळते.

छायाचित्रांच्या दुरुस्तीसाठी ‘गिम्प’ आहे. त्याची २.१० ही आवृत्ती एप्रिल २०१८ ची, ३.० साठी मार्च २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली. नव्या आवृत्तीत केलेला संस्कार मूळ चित्र न बिघडविता मागाहून बदलता येतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी संदर्भांसाठी ‘झोटेरो’ वापरावे. त्याची सातवी आवृत्ती ऑगस्ट २०२४ मध्ये आली. पीडीएफची पाने जुळविण्यास ‘पीडीएफ अरेंजर’ आणि मोबाइलवरील अहवाल संगणकावर घेण्यास ‘लोकलसेंड’ किंवा ‘केडीई कनेक्ट’ घ्यावे. रुग्णाचे अहवाल सामाजिक संदेशसेवेतून फिरविण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच बरा.

ही साधने मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यावीत. तेथे दोन प्रकार दिसतात. एक प्रणालीच्या भांडारातील, ते स्थिर परंतु थोडे जुने असते; दुसरे फ्लॅटपॅक, ते नवे असून प्रणालीपासून बरेचसे अलग राहते. यामुळे प्रणाली २०२४ ची आणि गिम्प मात्र नवे, असा मेळ घालता येतो. पाया हलवावा लागत नाही. मिंट २२ पासून ज्या फ्लॅटपॅकच्या कर्त्याची खात्री पटलेली नाही ती मुळात दाखविलीच जात नाहीत. ही मर्यादा उठविता येते, पण चिकित्सालयातील संगणकावर उठवू नये.

जेथे लिनक्स उपयोगी पडत नाही

टॅली विंडोजसाठीच आहे. जुन्या मराठी फाँटांची डाँगलवर चालणारी सॉफ्टवेअरेही तशीच. विवरणपत्रांवर डिजिटल स्वाक्षरी करण्याचे टोकन काही वेळा लिनक्सवर चालते, काही वेळा चालत नाही. मुदतीच्या आदल्या दिवशी त्याचा प्रयोग करू नये. निदानाच्या काही उपकरणांसोबतचे सॉफ्टवेअरही केवळ विंडोजचेच असते. यांपैकी एखाद्या गोष्टीवर चिकित्सालयाचा व्यवहार अवलंबून असेल तर त्या कामासाठी आधार चालू असलेला विंडोजचा एक संगणक ठेवावा, अथवा हे काम हिशेबनिसाकडे सोपवावे. केवळ उपकरणासाठी जुना विंडोज १० ठेवणे भागच असेल तर त्याचे इंटरनेट तोडावे, त्यातील रुग्णनोंदी आधी लिनक्सच्या संगणकावर आणून ताडून घ्याव्यात व मगच जुन्या डिस्कवरून पुसाव्यात. उपकरणाचे अहवाल त्यासाठीच राखून ठेवलेल्या एका पेनड्राइव्हने न्यावेत, आणि तो पेनड्राइव्ह इतर कोणत्याही संगणकाला लावू नये.